कापडी पंखांच्या कोलांट्या

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाचा मुख्य सोहळा तारकर्लीत झाला, तेव्हा मालवण तालुक्यातलं घर न् घर किनाऱ्यावर उतरलं होतं. युद्धनौका होत्या, कमांडो होते, हेलिकॉप्टरं होती. पण पोरांच्या माना वर लागल्या होत्या त्या लढाऊ विमानांसाठी. ती दर्यावरून आली आणि गेली. 'आली' आणि 'गेली' यांच्यामध्ये फारसं काही घडलं नाही. बहुतेकांच्या मोबाइलात सापडलं ते मोकळं आभाळ आणि त्याच्यामागून आलेला कानठळ्या बसवणारा आवाज.

वेगाचं कौतुक आहेच. पण विमान उडतंय कसं हे बघायचं असेल तर ते सावकाश उडायला हवं. आता नाक खाली घातलं, आता वेग घेतला, आता वर चढलं, पार उलटं झालं, आणि आता सुटलं: यातली प्रत्येक पायरी जमिनीवरच्या माणसाच्या नजरेला गाठता आली पाहिजे. अशी विमानं जगात एकेकाळी ढिगाने होती. त्यांना वर-खाली दोन-दोन पंख असायचे, पंखांवर कापड असायचं आणि ती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास रमतगमत जायची. त्यांतलं सगळ्यांत नावाजलेलं म्हणजे टायगर मॉथ. आपल्या वायुदलातली एक अख्खी पिढी त्याच्यावर उडायला शिकली. आणि त्याला बाजूला सारून त्याच्या जागी जे विमान आलं, त्याचा कर्ता माणूस आमच्या आंबोली घाटाच्या वरच्या अंगाचा, गडहिंग्लजकडचा. मालवणात बसून टायगर मॉथवर लिहायला मला एवढं निमित्त पुरे आहे.

आमच्याकडचे एक काका साठच्या दशकात वायुदलात रिगर होते. विमानाचा सांगाडा, पंख, तारा, सुकाणूच्या दोऱ्या हे सगळं रिगरकडे; इंजिन बघणारा फिटर वेगळा. त्यांच्या हातून मुख्यतः पुढची, पत्र्याची विमानं गेली, पण सुरुवातीला एका फ्लाइंग क्लबात आणि नंतरही अधूनमधून त्यांनी टायगर मॉथ हाताळलं होतं. त्यांना विचारलं, कापडाच्या विमानात बसून कोलांट्या मारायला भीती नव्हती वाटत पायलटना?

"अरे, होडीच ती," काका म्हणाले. "काठी असा, शीड असा, दोरयो असत. फकत दर्यो वर."

होडी बांधणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे सुचणारच, आणि ते शब्दशः खरं आहे. टायगर मॉथच्या पंखात स्प्रूस लाकडाच्या दोन लांब तुळया असतात, त्यांच्यावर ओळीने लाकडी फासळ्या. त्याच्यावर लिननचं कापड चढवायचं, मेण लावलेल्या दोऱ्याने ते फासळीफासळीला टाके घालून शिवायचं, आणि वरून डोप नावाचं रसायन फासायचं. डोप वाळताना कापडाला आवळतं आणि कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताठ होतं. अंगाचा सांगाडा मात्र पोलादी नळ्यांचा. एवढं सगळं करून रिकाम्या विमानाचं वजन भरतं जेमतेम पाचशे किलो. पंखांचा पसारा एकोणतीस फूट चार इंच.

खरी करामत तारांत आहे. विमान हवेत असताना पंख वर उचकटू पाहतात. त्यांना खाली ओढून धरतात त्या फ्लाइंग वायर. जमिनीवर तेच पंख स्वतःच्या वजनाने लोंबू पाहतात. त्यांना वर धरतात त्या लँडिंग वायर. दोन पंख, मधले खांब आणि या आडव्या-तिरक्या तारा मिळून एक पेटीच तयार होते. वजनाला हलकी, पण पिळवटायला जाल तर दाद न देणारी. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका पंखाची विमानं हवेत मोडून पडायची आणि दोन पंखांची टिकायची, ती या पेटीमुळे. त्या काळच्या लाकडातून लांब, एकटा आणि मजबूत पंख करणं अवघड होतं. दोन आखूड पंख एकमेकांना तारांनी बांधणं सोपं होतं. तारांमुळे हवेचा अडथळा वाढायचा, वेग मार खायचा, हे खरं. पण कोलांट्यांच्या विमानात या अडथळ्याचाही फायदा असतो. खाली सूर मारताना विमान बेफाम वेग घेत नाही, त्यामुळे चूक सावरायला शिकाऊ माणसाला दोन श्वास जास्त मिळतात.

"पंखो हातान धरून हालवन बघूचो," काकांनी हवेतल्या हवेत पंख धरून दाखवला. "तार ढिली झाली काय आवाजान कळता. ताठ झाली तरी कळता."

टायगर मॉथची जन्मकथा मोठी कामचलाऊ आहे, म्हणूनच मला ती आवडते. जेफ्री डी हॅविलंड हा इंग्लंडमधला विमान बांधणारा फुलपाखरं आणि पतंग गोळा करण्याच्या नादाचा. सामान्य माणसाला परवडेल असं लहान विमान त्याला करायचं होतं. अडचण इंजिनाची होती: त्या काळी मिळायची ती इंजिनं एकतर फार मोठी किंवा फार मरतुकडी. तेव्हा फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने युद्धातून उरलेलं रेनोचं आठ सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि त्याचं निम्मं वापरून चार सिलिंडरचं नवं इंजिन बनवलं. त्या सिरस इंजिनावर फेब्रुवारी १९२५ मध्ये पहिलं मॉथ उडालं. त्याचे पंख दुमडून मागे घेता यायचे, म्हणजे गाड्याच्या खोपीत विमान मावायचं. नावही मालकाच्या छंदातूनच आलं. पुढे जिप्सी नावाचं घरचं इंजिन आलं आणि १९२८ पासून जिप्सी मॉथने जग पालथं घातलं.

मग लष्कराला शिकवण्यासाठी तेच विमान हवं झालं. इथे एक पेच होता. मॉथमध्ये शिक्षक पुढच्या खोबणीत, म्हणजे कॉकपिटात, बसायचा आणि त्याच्या बरोबर डोक्यावर वरचा पंख, त्या पंखाच्या मधोमध पेट्रोलची टाकी, आजूबाजूला खांब. विमान हाताबाहेर गेलं तर पॅराशूट बांधलेल्या माणसाने तिथून निघायचं कसं? वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवणं हा एकच उपाय होता. पण तो पुढे सरकवला की विमानाचा तोल बिघडतो. म्हणून पंखांची टोकं मागे कलती केली. टोकं मागे गेली तशी खालच्या पंखांची टोकं जमिनीला फार जवळ येऊ लागली; म्हणून खालचे पंख टोकाकडे थोडे वर उचलले. हे सगळं डी हॅविलंडच्या कंपनीच्या, स्टॅग लेन इथल्या एका शेडमध्ये, विमान समोर उभं करून, रीतसर आराखड्यांशिवाय, थोडं सरकव, बघ, अजून थोडं सरकव, अशा पद्धतीने झालं. टायगर मॉथचा तो जरासा मागे झुकलेला, रुबाबदार पंख सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. शिक्षकाचं डोकं आणि पॅराशूट बाहेर काढता काढता तो तसा झाला. २६ ऑक्टोबर १९३१ ला चाचणी वैमानिक ह्युबर्ट ब्रॉडने ते पहिल्यांदा उडवलं. इंजिनही उलटं टांगलेलं, सिलिंडर खाली, म्हणजे वैमानिकाला नाकावरून थोडं जास्त दिसावं. पुढच्या दीड दशकात आठ हजारांहून जास्त टायगर मॉथ बनली.

त्या आधीच मॉथ मुंबईत आलं होतं. मुंबई फ्लाइंग क्लब जुहूला १९२८ मध्ये सुरू झाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना तिथूनच वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याचा क्रमांक १. त्यानंतर आगाखानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातला प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. टाटा जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर दुसरं जिप्सी मॉथ घेऊन इंग्लंडहून इकडे निघाला. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगांसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी वेळेत पोचला आणि बक्षीस त्याला मिळालं. तोच पुढे १९६० मध्ये वायुदलप्रमुख झाला. ही गोष्ट दिलदारीची म्हणून सांगतात, ती आहेच. मला त्यात आणखी एक दिसतं: दोन खंडं ओलांडणारं विमान मूठभर प्लगांवर अडतं आणि मूठभर प्लगांवर पुन्हा चालू होतं. रस्त्यातल्या कुठल्याही हुशार मेकॅनिकला ते कळायचं.

जुहूचं मैदान म्हणजे भरतीच्या रेषेलगतची चिखलवट. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, आणि टाटांना आपली हवाई टपालसेवा तेवढे महिने पुण्याला हलवावी लागायची. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९३५ च्या ऑक्टोबरात टाटांची मुंबई-गोवा-कन्नूर-त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली. मुंबईहून गोव्याला जाणारी ती वाट आमच्या डोक्यावरचीच. महायुद्ध लागल्यावर किनारा राखायला हवाई तुकड्या उभ्या केल्या, त्यांतली एक मुंबईला होती, आणि तिच्याकडे वेस्टलँड वापिटी ही जुनाट दोन पंखी विमानं होती. जगात आता एकच वापिटी उरलंय, दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात. ते मोठं, बोजड, कामाचं विमान. त्याच्यासमोर उभं राहिलं की टायगर मॉथ किती नाजूक होतं ते कळतं.

आता कोलांट्यांकडे येऊ. बहुतेकांना वाटतं, कोलांट्या म्हणजे जत्रेतला खेळ. तसे खेळही झाले. १९३३-३४ च्या हिवाळ्यात कॅप्टन बर्नार्ड यांचा हवाई तमाशा हिंदुस्थानभर फिरला होता. पण कोलांट्यांचं मूळ भीतीत आहे. सुरुवातीच्या वैमानिकांना सगळ्यांत मोठी धास्ती होती गिरकीची: वेग फार कमी झाला की एक पंख आधी खचतो आणि विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली जातं. त्यातून कोणी सहसा वाचायचं नाही. ऑगस्ट १९१२ मध्ये विल्फ्रेड पार्क नावाचा ब्रिटिश अधिकारी असाच गरगरत खाली येत होता. माहीत होतं ते सगळं करून झाल्यावर, जमीन अगदी जवळ आली असताना, त्याने गिरकीच्या उलट दिशेला पाय दाबला. गिरकी थांबली, विमान सरळ झालं, आणि उतरल्यावर त्याने काय केलं ते लोकांना सांगितलं. पुढच्याच वर्षी कीव्हला प्योत्र नेस्तेरॉवने उभ्या वर्तुळात पूर्ण फेरी मारली, म्हणजे लूप केला. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून रशियन सैन्याने त्याला आधी अटकेत टाकलं आणि मग बढती दिली.

हे शहाणपण शिकवणीत आणलं रॉबर्ट स्मिथ-बॅरीने. १९१७ मध्ये इंग्लंडच्या गॉसपोर्टला त्याने उलटी रीत सुरू केली. शिकाऊ माणसाला संकटापासून लांब ठेवायचं नाही. त्याला मुद्दाम संकटात न्यायचं, गिरकीत घालायचं, पालथं करायचं, आणि बाहेर कसं पडायचं ते त्याच्या हातापायांत भिनेपर्यंत करून घ्यायचं. शिक्षकाचं बोलणं शिष्याला ऐकू जावं म्हणून एक रबरी नळी असायची. तिला गॉसपोर्ट ट्यूबच म्हणायचे, आणि टायगर मॉथमध्ये तीच नळी पुढे कैक वर्षं वापरली. इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात त्या नळीतून ऐकू यायच्या त्या बहुतेक वेळा शिव्याच, असं जुने वैमानिक सांगतात.

वरच्या पंखाचा तो पेच किती जीवावरचा होता हे समजायला मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर आठवावे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढाऊ विमान उडवणारे भारतीय एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक यांची नावं आता लोकांना माहीत झालीत. वेलिंकरांचं तेवढं झालेलं नाही. केंब्रिजला शिकलेला हा तरुण २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. डॉल्फिनचा वरचा पंख वैमानिकाच्या बरोबर डोक्यावर, त्याच्या मधल्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं पंखाच्या वर आलेलं. नजर चौफेर, पण उतरताना विमान पालथं झालं तर आधी जमिनीला लागणार ते डोकंच. २७ जून १९१८ ला वेलिंकर गस्तीवरून परतले नाहीत. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला गेले. त्यांची कबर फ्रान्समध्ये हँगार्डला आहे. वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या कुठल्या बाजूला ठेवायचं या प्रश्नाची किंमत त्या पिढीने मोजली होती. स्टॅग लेनच्या शेडमध्ये पंख इंचाइंचाने सरकवणाऱ्या माणसांना ती ठाऊक होती.

टायगर मॉथमधला लूप जुन्या पुस्तिकांतून आणि उडवणाऱ्यांच्या तोंडून मी जमवलाय, तो असा. एकट्याने उडवायचं तर मागच्या खोबणीत बसायचं. पुढची रिकामी, तिथले पट्टे घट्ट बांधलेले, नाहीतर ते सुकाणूच्या काठीत अडकायचे. खिसे रिकामे करायचे. वरच्या पंखांच्या पुढच्या कडेला स्लॅट असतात. वेग कमी झाला की ते आपसूक पुढे येतात आणि पंखाला खचू देत नाहीत. कोलांटीआधी एका खटक्याने ते बंद करून टाकायचे. मग खाली, आजूबाजूला, मागे बघून घ्यायचं, आणि नाक खाली. सरळ उडताना जेमतेम पावणेदोनशे गाठणारं हे विमान सुरात ताशी एकशे नव्वद किलोमीटरवर न्यावं लागतं. वेग वाढतो तसा तारांचा आवाज चढत जातो: आधी कुजबुज, मग गुणगुण, मग एक लांबट किंकाळी. वेगमापकाकडे न बघता नुसत्या तारांवरून वेग सांगणारे वैमानिक होते. मग काठी मागे, धसमुसळेपणाने नाही, ठाम हाताने. अंग खुर्चीत दाबलं जातं. क्षितिज नाकाखाली बुडतं आणि समोर नुसतं आभाळ. आता मान मागे टाकून वरच्या पंखाच्या मागच्या कडेवरून बघायचं, कारण क्षितिज तिकडून येणार आहे, उलटं. माथ्यावर वेग एवढा उतरतो की तारा गप्प होतात. तिथे काठी जरा सैल सोडली की विमान तिथेच रेंगाळतं, खोबणीच्या तळातली वाळू, हरवलेली पेन्सिल, कोणाची तरी सुपारी तोंडावर येते, आणि इंजिन खाकरतं. त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा गोळा असतो; विमान उलटं राहिलं की पेट्रोल पोचत नाही आणि इंजिन गप्प होतं. लूप गोल आला तर फेरीचा जोर वैमानिकाला खुर्चीशी दाबून ठेवतो आणि इंजिन उलटं असतानाही चालत राहतं. म्हणजे इंजिन खाकरलं याचा अर्थ, तुमचा लूप गोल नव्हता. शिक्षकाला तपासायची गरज नाही, विमानच सांगतं.

रोल म्हणजे आडवं लोळणं त्याला फारसं मानवत नाही. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या फळ्या, फक्त खालच्या पंखांना आहेत, आणि त्यांची रचना अशी की खाली जाणारी फळी फार खाली जात नाही. काठी पार कडेला दाबून धरली तरी विमान आधी विचार करतं आणि मग लोळतं. मध्यावर इंजिन बंद. वैमानिक पट्ट्यांना लटकलेला. पायांनी नाक वर धरायचं, हातांनी कल सांभाळायचा, आणि दोन्हींत ताळमेळ नसला की विमान घसरून जातं. याच विमानात जेफ्री टायसन जुलै १९३४ मध्ये इंग्लिश खाडी उलटी ओलांडून गेला, ब्लेरिओने ती पहिल्यांदा विमानातून ओलांडली त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून. त्यासाठी पेट्रोलची वेगळी सोय करावी लागली. टायसनच्या डोक्यात त्या वेळी किती रक्त उतरलं असेल, याचा विचार मी टाळतो.

म्हणजे एकूण पाहता हे कोलांट्यांचं उत्कृष्ट विमान नव्हे, असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही. त्याला ब्रेक नाहीत, शेपटाला चाकाऐवजी खरडणारी पट्टी, इंजिन हाताने पंखा फिरवून चालू करायचं, वारा आडवा आला की उतरताना नाचवतं. उडवायला सोपं, चांगलं उडवायला अवघड, हे वाक्य त्याच्याबद्दल इतक्या लोकांनी म्हटलंय की ते आता कोणाचंच राहिलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्याच्या या खोड्यांत त्याची थोरवी आहे. ते जीव घेत नाही, पण चूक झाकतही नाही. पाय आळशी असले की विमान तिरकं चालतं आणि उघड्या खोबणीत वारा एका गालावर जास्त लागतो. यंत्राकडे न बघता गालाला कळतं.

"पायलट खूप बघलंय मी," काका म्हणाले. "चांगलो पायलट उतारताना कळता. टायगर मॉथाक फसवूक जमना नाय."

महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरच्या शाळांत भारतीय मुलं याच विमानावर शिकली. स्वातंत्र्यानंतरही काही काळ तेच चाललं. पण लाकूड-कापडाचे दिवस संपत आले होते, आणि परदेशातून विमानं आणत राहायची नव्हती. इथे विष्णु माधव घाटगे येतात. जन्म २४ ऑक्टोबर १९०८, गाव हसूरचंपू, कोल्हापूर जिल्हा. आंबोली चढून आजरा मागे टाकलं की गडहिंग्लजचा मुलूख लागतो, तिथला हा मुलगा जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली गेला. वायुगतिशास्त्रात प्रांटल म्हणजे शेवटचा शब्द; विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत त्यांचा. डॉक्टरेट करून घाटगे परत आले, बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले आणि १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झालेल्या विमानविद्येच्या विभागातही त्यांनी शिकवलं.

त्यांच्या चमूने केलेलं एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. पहिलं उड्डाण चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांचं. पूर्ण धातूचं, एका पंखाचं, दोघांचं, आणि सगळ्या कोलांट्या करू शकणारं. तारा गेल्या, कापड गेलं. पहिल्या नमुन्याला इंजिन होतं जिप्सी मेजर, म्हणजे टायगर मॉथमध्ये असायचं त्याच घराण्यातलं. नंतर सिरस मेजर बसवलं. १९५० च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं वायुदलाच्या मुलांनी त्याच्यावर धडे गिरवले. ते गरीब स्वभावाचं विमान नव्हतं. गिरकीत घातलं की निघायला नीट पद्धतच लागायची आणि उतरताना लक्ष सुटलं की गर्रकन फिरायचं. याला काही जण दोष मानतात. मला वाटतं, टायगर मॉथचा एक गुण घाटग्यांच्या विमानाने नकळत घेतला. घाटगे पुढे मारुत या लढाऊ विमानापर्यंत हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमानांशी जोडलेले राहिले, १९६५ मध्ये पद्मश्री झाले आणि १९९१ मध्ये गेले. आमच्याकडे शास्त्रज्ञांच्या जयंत्यांची फलकबाजी होते तिच्यात त्यांचं नाव मी कधी पाहिलेलं नाही. कोल्हापूरकडे असेल तर आनंद आहे.

दोन पंखांची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश लष्कराने टायगर मॉथ स्वस्तात विकून टाकली. इंग्लंडमध्ये १९५६ साली नॉर्मन जोन्सने टायगर क्लब काढला. तिथल्या लोकांनी काही टायगर मॉथची जाडी उतरवली: पुढची खोबणी झाकली, वरच्या पंखातली टाकी काढून टाकली, जरा जोरदार इंजिन बसवलं, उलट्या उड्डाणातही पेट्रोल पोचेल अशी व्यवस्था केली. या विमानांना त्यांनी आर्चबिशप, बिशप, डीकन अशी पाद्र्यांची नावं ठेवली. जागतिक कोलांटी स्पर्धा १९६० मध्ये ब्रातिस्लाव्हाला सुरू झाल्या, त्या काळात ही विमानं त्या मैदानात उतरली. तोवर चेकोस्लोव्हाकियाची एका पंखाची झ्लिन विमानं बरीच पुढे गेली होती, हेही खरं.

तिकडे अमेरिकेत कर्टिस पिट्स नावाच्या माणसाने १९४४-४५ मध्ये फ्लोरिडात दुसराच विचार केला होता. विमान जितकं आखूड आणि हलकं, तितकं ते चटकन फिरेल. आणि आखूड पंखांत पुरेशी उचल हवी असेल तर दोन पंख पाहिजेतच. त्याच्या पिट्स स्पेशलच्या पंखांचा पसारा टायगर मॉथच्या जेमतेम साठ टक्के, सतरा-साडेसतरा फूट. बेटी स्केल्टन या मुलीने त्यातलं एक विमान १९४८ मध्ये घेतलं, त्याचं नाव 'लिटल स्टिंकर', आणि त्याच्या जोरावर ती अमेरिकेत स्त्रियांची कोलांटी-विजेती होत राहिली. पुढे इंजिनाची ताकद वाढली, दोन्ही पंखांना एलेरॉन आले, पंखाचा छेद वर-खाली सारखा केला, म्हणजे विमान सरळ असो वा उलटं, पंखाला फरक पडू नये. टायगर मॉथ रोल करायला जेवढा वेळ घ्यायचं तेवढ्यात पिट्स कित्येक वेळा लोळून घेतं. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेने सांघिक विजेतेपद मिळवलं, चार्ली हिलार्ड आणि मेरी गॅफनी वैयक्तिक विजेते ठरले, आणि या तिन्ही विजयांमागे पिट्सच होतं. नंतर एका पंखाच्या, कार्बन तंतूंच्या विमानांनी त्यालाही मागे टाकलं. पण घरच्या घरी आराखड्यावरून पिट्स बांधणारे लोक अजून आहेत, आणि ते टायगर मॉथवाल्यांशी वाद घालताना मजा येते. एका बाजूचे म्हणतात, तुमचं विमान म्हणजे चाकांवरचा बंदुकीचा छर्रा; दुसरे म्हणतात, तुमचं म्हणजे आजोबांची आरामखुर्ची. मला दोघांचंही पटतं. बघायला मात्र मला आजोबाच आवडतील.

आपल्याकडे ते बघायची सोय फार कमी. वायुदलाने एक टायगर मॉथ, एचयू-५१२, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि ८ ऑक्टोबर २०१२ ला हिंडनच्या वायुदल दिनाच्या संचलनात ते उडालं. नागरी हौशी वैमानिकाला कोलांट्यांचं विमान ठेवणं आपल्याकडे परवडतही नाही आणि झेपतही नाही. मुंबई फ्लाइंग क्लबची शिकवणी आता धुळ्याला चालते. चिपीच्या सड्यावर आमचा विमानतळ आहे, ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेला, अडीच किलोमीटर लांबीच्या धावपट्टीचा. टायगर मॉथला तिचा उपयोगच नाही. ब्रेक नसलेल्या, शेपटी घासत जाणाऱ्या विमानाला हवं ते गवताचं मैदान, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहता येईल असं. शेजारचा जांभ्याचा कातळ त्याच्या शेपटीची पट्टी पहिल्याच फेरीत उखडून काढील.

हिंडनच्या उड्डाणाची चित्रफीत मी काकांना मोबाइलवर दाखवली. विमान वर गेल्यावर त्यांनी लक्ष काढून घेतलं. त्यांना बघायचं होतं ते आधीचं: जमिनीवर उभं असतानाचं. तो भाग पुन्हा लावायला सांगून त्यांनी चित्र थांबवायला लावलं, आणि दोन्ही पंखांमधल्या तारांच्या आडव्या पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"हेंनी तारांका बांधलेली पट्टी बघ. नाय बांधलीस तर तारो थरथरतत आणि एकमेकांका घासतत." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पंखो फिरवलो कोणी? तेचा नाव दिल्यानी काय?"

नाव दिलेलं नव्हतं.

"नाय देवचेच," काका म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन चष्मा पुसायला लागले.